हंसाबाईची खोली

हंसाबाईच्या दारात विटांची ट्रॉली रिकामी झाली त्या दिवशी कौसल्या पाणी भरायलासुद्धा बाहेर पडली नाही. विटा पडल्याचा आवाज तिनं घरात बसून ऐकला आणि घासलेली भांडी पुन्हा घासायला घेतली. दोन्ही घरं समोरासमोर, मधे बैलगाडी जाईल एवढा रस्ता. त्यामुळे डोळे मिटले तरी समोर काय चाललंय ते कळायचंच. ट्रॅक्टरवाला हिशेबाचं बोलायला हंसाबाईला हाक मारत होता आणि ‘हंसाबाई, हंसाबाई’ म्हणत होता. कौसल्येनं तवा इतक्या जोरात आपटला की पडवीतली कोंबडी उठून गेली.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिला हंसाबाई कोणी म्हणत नव्हतं. हंसे म्हणायचे. तिचा नवरा इंद्रजित हा कौसल्येच्या नवऱ्याच्या, म्हणजे धर्मपाल मिस्त्रीच्या हाताखाली सिमेंट-रेतीचा माल कालवायचा, विटा पुरवायचा. पांढरकवड्यापासून अलीकडच्या पाचपन्नास गावांत धर्मपालनं बांधलेलं घर ओळखू यायचं, इतका त्याचा हात साफ. लग्नानंतरची पहिली काही वर्षं कौसल्येनंही त्याच्या हाताखाली घमेली वाहिली होती. मग त्याचं नाव झालं, तिनं घमेलं सोडलं, आणि सगळी वस्ती तिला मिस्त्रीणबाई म्हणायला लागली. विहारात बसायला तिला पुढे जागा व्हायची. हंसी मागे बसायची. हे असंच असतं असं दोघींनाही वाटायचं, कौसल्येला जरा जास्तच.

मग एका उन्हाळ्यात स्लॅबचं काम आटोपून दोघं काळीपिवळी जीपमधून गावाकडे येत होते आणि हायवेवर मागून ट्रकनं उडवलं. इंद्रजितचा पाय सीटखाली चेंगरला. तो गुडघ्याखाली कापावा लागला. धर्मपाल बाहेर फेकला गेला आणि त्याचं डोकं दुभाजकावर आपटलं. कानातून थोडं रक्त आलं, बाकी अंगावर म्हणावा असा ओरखडा नव्हता. नागपूरला कवटी उघडून आतलं गोठलेलं रक्त काढलं. कित्येक दिवस तो डोळे मिटून पडून होता. पुढे तो उठला, चालला, जेवला. केस वाढले आणि वण झाकला गेला. बघायला येणारे इंद्रजितच्या घरी रडायचे आणि तिथून उठून कौसल्येकडे चहाला यायचे. मिस्त्री वाचला, नशीब काढलं बाई तू, असं म्हणून जायचे.

नुकसानभरपाईचे दावे दोघांनीही मुजफ्फर वकिलाकडूनच टाकले होते. इंद्रजितचा दावा लोकअदालतीत मिटला आणि पैसे हातात आले. पाय नाही हे न्यायाधीशाला दिसत होतं, विमा कंपनीच्या वकिलालाही दिसत होतं. धर्मपालचं काय गेलं ते मात्र कोणाला दिसत नव्हतं. तो कोर्टाच्या पायऱ्या चढून यायचा, सगळ्यांना जयभीम करायचा आणि बाकावर नीट बसायचा.

कौसल्येला दिसायचं. जेवून हात धुतल्यावर तो पुन्हा ताटावर येऊन बसायचा आणि वाढलं नाही म्हणून ताट भिरकवायचा. शिट्टी झाली कुकरची की कानावर हात ठेवून ओरडायचा. मयतीत हसला होता. भाजी जळत असली तरी त्याला वास यायचा नाही. त्यानं स्वतःच्या मेव्हणीला चारचौघांत असं काही विचारलं होतं, की त्यानंतर ती या घरी आली नाही. आणि हे सगळं कौसल्या झाकत होती. कोणी काही विचारलं की त्याच्या आधी तीच उत्तर द्यायची. बाजारात त्याच्या कोपराला धरून चालायची, लोकांना वाटायचं, काय प्रेम आहे. मुलगी दीपा यवतमाळला नर्सिंग शिकत होती. तिलासुद्धा फोनवर सगळं बरं आहे असंच सांगायची. मिस्त्रीचं डोकं गेलं हे हंसीच्या कानावर जाता कामा नये, एवढं एकच तिच्या मनात असायचं. बाकी जगाचं ती सोसून घेणार होती.

ही झाकपाक तिला महागात पडली. अपंगत्वाचा दाखला देणाऱ्या डॉक्टरांपुढे न्यायचं होतं, तेव्हा तिनं आठवडाभर आधीपासून त्याची तयारी करून घेतली. नागपूरच्या डॉक्टरांनी काय काय विचारलं होतं ते तिच्या लक्षात होतं. आज वार कोणता, जिल्हा कोणता, शंभरातून सात गेले किती, त्यातून पुन्हा सात गेले किती. अंघोळ घालताना विचारायची, भाकरी वाढताना विचारायची. चुकला की पुन्हा पहिल्यापासून. चारचौघांत नवऱ्याची शोभा नको, एवढाच तिचा विचार. पांढरा शर्ट, तेल लावून भांग. डॉक्टरांपुढे धर्मपाल धडाधड बोलला. डॉक्टर खूश, कौसल्याही खूश. येताना तिनं त्याला भजी खाऊ घातली. दाखल्यावरचा टक्का बघून मुजफ्फर वकिलानं कपाळावर हात मारला. म्हणाला, “भाभी, हारने के वास्ते पढाई कराई क्या तुमने?”

तेव्हापासून तिला समोरच्या घराकडे बघवत नव्हतं. हंसीनं मजुरी सोडली. कौसल्येनं धरली. सकाळी कापूस वेचायला निघताना बोंडं ठेवायची ओटी कमरेला बांधून रस्त्यावर यावं, तर समोर हंसी उन्हात बसून केस विंचरत असायची. दिवसभर वाकून कंबर मोडायची, बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा सोलून निघायच्या, आणि संध्याकाळी परत यावं तर इंद्रजित बाजेवर बसून बायकोला काहीबाही सांगतोय आणि ती हसतेय. एकदा कौसल्येच्या मनात सरळ आलं, की मिस्त्रीचाही पायच गेला असता तर किती बरं झालं असतं. आलं आणि ती घाबरली नाही. उलट ते तिला पटलं. दुसऱ्या दिवशी कापसात वाकल्यावर तिनं ते पुन्हा मनात आणून पाहिलं.

आता त्या घरी पक्की खोली होणार होती.

जोतं आधीच झालेलं होतं. पाटणबोरीचा मिस्त्री ठरला होता, पण तो दुसऱ्या कामावर अडकला. विटा तशाच पडून. धर्मपाल रोज आपल्या ओट्यावरून त्या विटांकडे बघायचा. एका सकाळी कौसल्या कपडे वाळत घालत असताना तो उठला, माळ्यावरची माल लावायची करणी आणि ओळंबा काढला आणि रस्ता ओलांडून गेला. ती मागे धावली तोवर त्यानं सूत ताणलं होतं. इंद्रजित बाजेवरून त्याच्याकडे बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

कौसल्येनं धर्मपालच्या हातातली करणी ओढली. वकिलानं बजावलं होतं, की दावा चालू आहे तोवर मिस्त्रीनं कामाला हात लावायचा नाही. हंसाबाई मधे पडली. मिस्त्रीला बरं वाटतंय तर बसू द्या घटकाभर, म्हणाली, मजुरीही देऊ. मजुरीचं नाव काढलं तिथं कौसल्या पेटली. ज्या घराला आपण जुनी लुगडी दिली त्या घरून मजुरी. पण धर्मपालनं तिच्या हातातून करणी परत घेतली, तिच्याकडे न बघता, आणि माल उचलून वीट बसवली. तिला रागावून घरी यावं लागलं.

ओट्यावर बसून ती बघत राहिली. इंद्रजित बाजेवरून एकेक गोष्ट सांगत होता. मिस्त्री, आता सूत वर घ्या. मिस्त्री, ओळंबा टाका. मिस्त्री, इथी दरवाजा हाये, इथी अद्धी इट लावा. आणि धर्मपाल ऐकत होता. घरी ती ‘जेवा’ म्हणाली तर भांडण, आणि तिथं त्याच्याच कुलीच्या सांगण्याप्रमाणे तो वीट मागून वीट लावत होता, मधेच हसत होता. हंसीनं चहा आणून दिला. तो त्यानं निमूट प्यायला. त्या दिवसापासून कौसल्येला त्या घराचा दुहेरी जाच झाला. पाय गेला त्याचे पैसे त्यांना मिळाले ते मिळाले, वर तिचा नवराही तिथंच शहाण्यासारखा वागत होता.

तीन भिंती कमरेच्या वर आल्या. पुढची भिंत दाराची जागा सोडून मांडीइतकी झाली. चौकट पांढरकवड्याच्या सुताराकडे अडली होती, ती मागून बसवायचं ठरलं. मग एके दिवशी इंद्रजितला नवा पाय बसवून घ्यायला यवतमाळला जायचं होतं. निघताना त्यानं धर्मपालला तीनतीनदा बजावलं, की आज बांधायचं नाही, भिंतींना नुसतं पाणी मारायचं. धर्मपाल हो म्हणाला. कौसल्या त्या दिवशी कापसाला गेली होती. शेवटचा तोडा होता, मालकाला रान मोकळं करायचं होतं, सोडून येणं जमलं नाही.

संध्याकाळी ती आली तेव्हा घर उघडं होतं आणि धर्मपाल नव्हता. समोरून करणीचा आवाज येत होता. ती तशीच, ओटी न सोडता, रस्ता ओलांडून गेली.

चारही भिंती छातीएवढ्या झाल्या होत्या. काम सुरेख होतं. थर सरळ, सांधे भरलेले, सांडलेला माल काढून घेतलेला. आणि धर्मपाल आत उभा होता. दार नव्हतं. जिथं दार सोडलेलं होतं तिथंही त्यानं थरावर थर चढवून भिंत एकसलग करून टाकली होती. आतून तो पुढची वीट लावत होता.

“चहा आनला का?” त्यानं विचारलं.

“मिस्त्री, तुमी बाहीर कसे येसान?”

“कायले येऊ? काम बाकी हाये.”

तिनं विटा रचून पायरी केली, हात दिला आणि त्याला भिंतीवरून बाहेर काढलं. ओल्या भिंतीचे वरचे दोन थर त्याच्या पोटाखाली सरकले. तिनं त्याला घरी नेलं, हातपाय धुतले, भाकरी पुढे ठेवली आणि बाहेरून कडी लावली. तो दिवसभराच्या कामानं दमला होता. त्याच्या तोंडावर काम पार पडल्याचं समाधान होतं.

यवतमाळची एसटी यायला थोडाच वेळ होता. आता हंसी येईल, भिंत बघेल आणि तोंडाला पदर लावून हसेल. उद्या नळावर हीच गोष्ट, परवा विहारात हीच. धर्मपाल मिस्त्रीनं दारच बुजवलं. दुसरं काही कौसल्येला सुचलं नाही. दाव्याचं, वकिलाचं, कशाचंच नाही. तिनं परत रस्ता ओलांडला आणि दाराच्या जागेवरच्या विटा काढायला लागली.

वरचे थर ओले होते, हातानं निघाले. खालचे सकाळी लावलेले, त्यांनी धरलं होतं. त्यांना हातोडी घातली. जुनं काम तिचा हात विसरला नव्हता. कुठं ठोकलं की शेजारची वीट हलत नाही ते तिला माहीत होतं. पण घाई होती, आणि सिमेंट बोंडांनी सोललेल्या बोटांत शिरून चटका देत होतं. बऱ्याच ठिकाणी कडेच्या विटा अर्धवट तुटल्या. निघालेल्या विटांचा माल खरवडून तिनं त्या ढिगात लावल्या, पडलेला माल घमेल्यात भरून नालीत टाकला, जोतं धुतलं. झालं तेव्हा अंधारून आलं होतं. ती घरात येऊन चुलीपुढे बसली आणि थोड्या वेळानं समोरून इंद्रजितच्या कुबडीचा आवाज आला. त्याच्यामागून हंसीच्या पावलांचा. दोघांपैकी कोणीच काही बोललं नाही. कौसल्येनं सुटकेचा श्वास टाकला.

पुढे इंद्रजितनं धर्मपालला कधी एकटं सोडलं नाही. दिवसभर बाजेवरून त्याचं सांगणं चालायचं. कौसल्येला वाटायचं, दोन पैसे आले तर कुली मिस्त्रीवर हुकूम सोडायला लागला.

भिंती दाराच्या उंचीवर आल्या त्या सुमारास मोटारसायकलवर एक माणूस आला. शर्ट खोचलेला, बोलायला गोड. घर बांधायचंय म्हणाला, मिस्त्री शोधतोय, मिस्त्रीचं काम बघू द्या. धर्मपाल बांबू-फळ्यांच्या पाडावर उभा होता. त्याला आनंद झाला. फोटो काढू का म्हटल्यावर त्यानं ओळंबा हातात धरला आणि कॅमेऱ्याकडे बघून हसला. तो विमा कंपनीचा माणूस होता हे महिन्याभरानं कळलं, जेव्हा मुजफ्फर वकिलाचा फोन आला. कंपनीनं कोर्टात फोटो दिला होता. माणूस धडधाकट आहे, कामावर जातो, मग भरपाई कशाची, असं त्यांचं म्हणणं.

कौसल्येनं फोन ठेवला आणि सरळ नळावर गेली. तिथं हंसाबाई घागर भरत होती, चार बाया आणखी होत्या.

“हंसे, तूच सांगतलं कंपनीवाल्याले,” ती म्हणाली. “तुले तुहं मियालं. आता माह्या पोरीच्या तोंडचा घास पाहवत नाही तुले.”

हंसाबाईनं घागर उचलली. सगळ्यांसमोरून ती तशीच घराकडे निघून गेली. बायांनी त्याचा अर्थ लावायचा तो लावला आणि कौसल्येला बरं वाटलं. त्या दिवशी तिनं पोटभर जेवण केलं.

तारखेला ती साक्षीला उभी राहिली. धर्मपालला मुजफ्फर वकिलानं बाहेर मुन्शीजवळ बसवलं होतं. कंपनीचा वकील अंगावर येईल अशी तिची समजूत होती, पण तो तर घरच्यासारखा बोलत होता. त्यानं फोटो तिच्या हातात दिला. काम छान आहे, म्हणाला, भिंत कोणाची? मिस्त्रीची, ती म्हणाली. सरळ आहे ना? हो, सरळ आहे. ओळंबा कोणाच्या हातात आहे? त्यांच्याच. आणि हे दार, नेमकं मधे सोडलंय, हेही त्यांनीच सोडलं ना?

कौसल्येनं फोटोकडे पाहिलं. त्यात धर्मपाल हसत होता. अपघातापूर्वी हसायचा तसाच, खालचा ओठ थोडा बाजूला घेऊन. हो म्हणायचं तिच्या तोंडावर आलं होतं. हो म्हटलं असतं तर तो कायमचा मिस्त्री राहिला असता, सरकारी कागदावर, फोटोसकट. आणि दीपाचं शिक्षण, त्याची औषधं, तिच्या मागे त्याचं पुढचं सगळं आयुष्य, त्याला कोणी वाली राहिला नसता.

“दरवाजा त्यायनं बुजवला होता,” ती म्हणाली. “म्या पाडला.”

वकील हसला नाही, पण त्यानं न्यायाधीशाकडे बघून भुवया वर केल्या. कोणी पाहिलं? कोणीच नाही. कोणाला सांगितलं? कोणालाच नाही. म्हणजे फोटो आल्यावर ही गोष्ट सुचली तर. मुजफ्फर वकिलानं पुढची तारीख मागून घेतली आणि बाहेर आल्यावर तिला विचारलं, की ही खोली कोणाची? तिनं सांगितलं. मग त्या घरच्या लोकांना साक्षीला आणा, तो म्हणाला. मिस्त्रीला एकेक गोष्ट सांगावी लागते, एकट्याला काम जमत नाही, एवढं जरी त्यांनी सांगितलं तरी पुष्कळ. नाहीतर इथंच मिटलं समजा.

घरी आल्यावर दोन दिवस ती समोर गेली नाही. दुसरा कोणी साक्षीदार आहे का, याचा विचार करत राहिली. पाटणबोरीचा मिस्त्री आठवला, सरपंच आठवला. पण मिस्त्रीला खरं ओळखणारं घर एकच होतं. तिसऱ्या दिवशी धर्मपालला झोप लागल्यावर ती उठली आणि रस्ता ओलांडून गेली.

खोलीला चौकट बसली होती, गिलावा झाला होता, आत निळा रंग होता. पंखा फिरत होता. कौसल्येनं सगळं एका नजरेत पाहिलं, पंखासुद्धा. इंद्रजित बाहेर बाजेवर झोपला होता. हंसाबाई जमिनीवर बसून तूर पाखडत होती. तिनं बस म्हटलं नाही.

“हंसाबाई,” कौसल्या म्हणाली. हे नाव तिच्या तोंडून पहिल्यांदा निघत होतं. “कोर्टात येजो. मिस्त्रीचं डोकं जागेवर नाही हे साहेबाले सांगजो.”

हंसाबाई पाखडत राहिली. मग तिनं सूप खाली ठेवलं.

“वैनी, मले तुमचा लय राग ये,” ती म्हणाली. “मिस्त्री सकाऊन उठून दोन पायानं चालत परसाकडे जात, अन् मी माह्या माणसाले काखेत धरून नेओ. मी म्हनो, इचं सारं जागच्या जागी हाये. अन् हेच माह्या इटाइकडे डोये लावून बसते.”

कौसल्या इतके दिवस मनात जे घोळवत होती तेच समोरच्या घरीही कोणी घोळवत होतं, हे तिच्या कधी डोक्यात आलं नव्हतं. तिला दया यायला हवी होती. ती आली नाही. उलट, आपल्यावर जळणारं कोणी आहे हे ऐकून अंगात थोडी ऊब आल्यासारखं झालं, आणि त्याची तिला लाज वाटली.

“येतो मी,” हंसाबाई म्हणाली आणि सूप उचललं.

पुढच्या तारखेला न्यायाधीशांनी धर्मपालला आत बसवायला सांगितलं होतं. तो मागच्या बाकावर कौसल्येशेजारी बसला, पांढऱ्या शर्टात. या वेळी तिनं त्याला काहीच शिकवलं नव्हतं. पंख्याकडे बघत होता, मधेच पुढे बोलणाऱ्यांकडे बघत होता.

हंसाबाई डोक्यावर पदर घेऊन उभी राहिली. खोली कोणाची, काम कोणी केलं, हे सगळं मुजफ्फर वकिलानं विचारून घेतलं. मग दाराचं विचारलं. त्याला वाटलं होतं, ती ऐकीव काहीतरी सांगेल. कौसल्येलाही तेच वाटत होतं.

“दरवाजा नव्हता साहेब,” हंसाबाई म्हणाली. “मिस्त्रीनं बुजवला होता. आमी यवतमाळहून आलो तं वैनी उघड्या हातानं इटा काढून राह्यल्या होत्या. माह्या माणसाले नवा पाय टोचे, उभं राहवत नव्हतं. तरी आमी लिंबाखाली थांबलो, वैनीचं होयेपर्यंत.”

समोर का गेला नाहीत, कंपनीच्या वकिलानं विचारलं.

“गेलो असतो तं वैनीनं जीव देल्ला असता.”

मग इतके दिवस कोणाला सांगितलं का नाही? त्यावर हंसाबाईनं थोडा विचार केला आणि म्हणाली, की कोणी विचारलंच नाही. आणि दुसऱ्या दिवशी भिंतीच्या तुटक्या कडा तिच्या नवऱ्यानं पाटणबोरीच्या मिस्त्रीकडून नीट करून घेतल्या, धर्मपाल मिस्त्रीला समजू नये म्हणून त्याला दुपारी जेवायला घरी पाठवलं होतं तेव्हा. त्या मिस्त्रीलाही बोलावून विचारा, म्हणाली.

कौसल्या मान खाली घालून बसली होती. नळावर ती काय काय बोलली होती ते सगळं शब्दन् शब्द तिच्या कानात होतं. आपल्याला कोणी पाहिलं नाही या एका आधारावर ती त्या बाईसमोर ताठ मानेनं चालत होती, आणि त्या बाईनं एका पायाच्या नवऱ्याला अंधारात उभं ठेवून तिला तेवढा वेळ दिला होता. याच्यापेक्षा हंसी हसली असती तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. हसणारीचा राग करता आला असता.

न्यायाधीशांनी जुना दाखला बाजूला ठेवला. मेंदूच्या तज्ज्ञांकडून धर्मपालची नव्यानं तपासणी करायचा हुकूम दिला, जवळ सांगायला कोणी नसताना तो काय करू शकतो तेही बघून लिहा म्हणून. पाटणबोरीच्या मिस्त्रीलाही समन्स काढलं. बाहेर आल्यावर मुजफ्फर वकील खुशीत होता. अब केस में जान आ गई भाभी, म्हणाला, आणि हंसाबाईलाही त्यानं सलाम केला. कौसल्येनं तिचे हात धरायला हात पुढे केले, पण हंसाबाई आधीच इंद्रजितला पायऱ्यांवरून उतरवायला गेली होती.

परतीच्या एसटीत चौघांना मागेपुढे जागा मिळाली. पुढच्या बाकावर इंद्रजित आणि हंसाबाई भांडत होते. पाण्याची बाटली वकिलाकडेच राहिली, तुला काही आठवण राहत नाही, तो म्हणत होता. तुमचा पाय सांभाळू की बाटली, ती म्हणत होती. मग त्यानं नव्या पायाचा पट्टा टोचतोय म्हणून तोंड वाकडं केलं आणि तिनं भांडता भांडता वाकून तो सैल केला. कौसल्या ते बघत होती. खोलीचा आता तिला हेवा नव्हता, पंख्याचा नव्हता, मिळालेल्या पैशाचाही नव्हता. पण असं कोणीतरी आपल्याशी भांडावं, काय बोललो ते संध्याकाळपर्यंत त्याच्या लक्षात राहावं, आपलं काय गेलं ते त्यालाही ठाऊक असावं, याचा हेवा उरला होता. हा हेवा कोणत्याही कोर्टाच्या हुकमानं जाणार नव्हता.

धर्मपाल खिडकीशी बसून बाहेरची कापसाची पऱ्हाटी उपटलेली रानं बघत होता. हायवे सोडून गाडी गावाच्या रस्त्याला लागली तेव्हा तो तिच्याकडे वळला.

“काय वो,” तो म्हणाला, “तो मिस्त्री कोन होता? ज्यानं दरवाजाच बुजवला?”

पुढच्या बाकावरचं भांडण थांबलं. इंद्रजितनं मागे वळून पाहिलं नाही.

“हाये एक,” कौसल्या म्हणाली.

“डोकं गेलं असन त्याचं.” त्यानं मान हलवली. “त्याच्या बायकोचे लय हाल असतीन.”

“असतीन.”

मग तो तिच्या दंडाला हात लावून, पूर्वी घरच्या गोष्टी ठरवताना बोलायचा त्या आवाजात म्हणाला, “तिले सांगजो, त्याले माह्याकडे धाड म्हनावं. इंद्रजितचा पाय गेला, मले हाताखाली माणूस लागतेच. माल कालवन, दोन पैसे भेटतीन बिचारीले.”

“सांगतो,” कौसल्या म्हणाली.